नीलहरित शैवाल, करंडक वनस्पती आणि डायनोफ्लॅजेलेट : रचना, विविधता आणि परिणाम

प्रस्तावना

विहिरीच्या पायऱ्यांवरचा बुळबुळीत हिरवा थर, तळ्यावर धरलेली दाट साय, भातखाचरात तरंगणारे तंतू आणि समुद्राच्या पाण्याला अधूनमधून येणारा लाल किंवा हिरवा रंग या सर्वांना मराठी माणूस 'शेवाळ' म्हणतो. उर्दूत त्याला 'काई' म्हणतात. दैनंदिन व्यवहारात एवढा एक शब्द पुरतो. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र या एका शब्दाखाली असे जीव एकत्र आले आहेत की, त्यांच्यातील अंतर आंब्याचे झाड आणि माणूस यांच्यातील अंतरापेक्षाही मोठे असू शकते.

प्रस्तुत लेखात त्यांपैकी तीन गटांचा परिचय करून देण्याचा हेतू आहे. पहिला गट नीलहरित शैवालांचा, दुसरा डायटम म्हणजेच करंडक वनस्पतींचा आणि तिसरा डायनोफ्लॅजेलेटांचा. तिन्ही गटांतील बहुतेक जीव सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. तिन्ही गटांत सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जीव आहेत. परंतु तिघांच्या पेशींची रचना भिन्न आहे आणि या रचनेवरच त्यांचे उपकार व अपकार अवलंबून आहेत. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, मासळी भरपूर मिळेल की नाही, शिंपले खावेत की नाहीत, हे प्रश्न शेवटी या रचनेपाशी येऊन थांबतात. ओळख चुकली की उपायही चुकतो.

१. नीलहरित शैवाल : केंद्रक नसलेली पेशी

'नीलहरित शैवाल' हे नाव रूढ असले तरी हे जीव खऱ्या अर्थाने शैवाल नाहीत. ते जीवाणू आहेत. त्यामुळे आज त्यांना सायनोबॅक्टेरिया असे म्हणतात. त्यांच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक नसते. डीएनए पेशीच्या मध्यभागी मोकळाच असतो. वनस्पतींच्या पेशीत दिसणारे हरितलवकही त्यांच्यात नसतात. प्रकाशसंश्लेषण करणारी पातळ पटले पेशीद्रवातच पसरलेली असतात. या पटलांवर हरितद्रव्याबरोबर फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य असते. हिरवा व निळा मिळून जी छटा तयार होते, तिच्यावरून या गटाचे नाव पडले. काही जातींत लाल रंगद्रव्यही असते. म्हणून सर्वच नीलहरित शैवाल निळसर हिरवे दिसतात असे नाही.

आकाराच्या बाबतीत या गटात मोठी विविधता आहे. खुल्या समुद्रातील प्रोक्लोरोकॉकस हा केवळ ०.६ मायक्रॉनच्या आसपासचा एकपेशीय जीव १९८० च्या दशकात उजेडात आला (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मायक्रोसिस्टिसच्या पेशी चिकट द्रव्यात एकत्र राहून वसाहत करतात. ऑसिलेटोरियाचे साधे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली डुलताना दिसतात. नॉस्टॉकचे तंतू मण्यांच्या माळेसारखे असतात आणि ते जेलीसारख्या गोळ्यात गुंडाळलेले असतात. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर दिसणारे असे काही गोळे नॉस्टॉकचेच असतात.

नॉस्टॉक आणि ॲनाबिना यांच्या माळेत ठरावीक अंतरावर, साधारण दहा-पंधरा पेशींमागे एक, जाड भिंतीची फिकट पेशी दिसते. तिला हेटेरोसिस्ट म्हणतात. हवेतील नायट्रोजन पकडून त्याचे अमोनियात रूपांतर करणारे विकर प्राणवायूच्या संपर्कात आले की निकामी होते. इकडे प्रकाशसंश्लेषणातून तर प्राणवायूच बाहेर पडतो. एकाच घरात आग आणि बर्फ ठेवण्यासारखी ही अडचण आहे. त्यावरचा उपाय म्हणजे कामाची वाटणी. हेटेरोसिस्ट प्राणवायू तयार करण्याचे काम सोडून देते, जाड भिंतीने बाहेरचा प्राणवायू अडवते आणि केवळ नायट्रोजन स्थिर करते. शेजारच्या पेशी तिला साखर पुरवतात आणि ती त्यांना नायट्रोजनयुक्त द्रव्ये देते. एवढ्या साध्या जीवात श्रमविभागणी आढळावी ही लक्षणीय गोष्ट होय.

भारतीय शेतीशी या रचनेचा जवळचा संबंध आहे. खत न घालताही भातखाचराची सुपीकता वर्षानुवर्षे का टिकते, याचे उत्तर शोधताना पी. के. डे यांनी १९३९ मध्ये नीलहरित शैवालांकडे लक्ष वेधले. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात आर. एन. सिंह यांनी उसर, म्हणजे खारवट नापीक जमीन, या शैवालांच्या साहाय्याने सुधारण्याचे काम केले. टी. व्ही. देशिकाचारी यांचा 'सायनोफायटा' हा १९५९ चा ग्रंथ भारतीय जातींच्या ओळखीसाठी आजही पाहिला जातो. ॲझोला या पाणनेच्याच्या पानांत राहणारे ॲनाबिना हेही भातशेतीत हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडते.

मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशीत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्यामुळे पेशी हलकी होऊन प्रकाशाकडे वर येते. सांडपाणी व खते मिसळलेल्या तळ्यावर एका रात्रीत हिरवी साय दिसू लागते, तेव्हा प्रत्येक वेळी ती वाढ एका रात्रीतली नसते. पाण्यात आधीच वाढलेल्या पेशी वारा पडल्यावर वर आलेल्या असतात.

२. करंडक वनस्पती : काचेची डबी

मराठी विश्वकोशात डायटमसाठी 'करंडक वनस्पती' असा शब्द आहे. करंडा म्हणजे कुंकवाची झाकणाची डबी. या जीवाच्या रचनेसाठी याहून नेमका शब्द सापडणे कठीण आहे. करंडक वनस्पतीच्या पेशीत केंद्रक, हरितलवक आदी सर्व अंगके असतात. परंतु तिची बाहेरची भिंत सिलिकेची, म्हणजे काच ज्या द्रव्यापासून बनते त्या द्रव्याची असते. ही भिंत दोन भागांची असून वरचा भाग किंचित मोठा असतो व तो खालच्या भागावर झाकणासारखा बसतो. दोन्ही भागांना जोडणारे सिलिकेचेच पट्टे बाजूने असतात.

या भिंतीवर अत्यंत नियमित मांडणीची छिद्रे, रेषा व उंचवटे असतात. प्रत्येक जातीची नक्षी वेगळी असल्याने जातींची ओळख प्रामुख्याने नक्षीवरूनच होते. नक्षी मध्यबिंदूभोवती चक्रासारखी असेल तर ती केंद्रीय करंडक वनस्पती, आणि लांबट अक्षाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखी असेल तर पिच्छाकार करंडक वनस्पती असे दोन ठळक प्रकार केले जातात. पिच्छाकार प्रकारातील अनेक जातींत लांबीच्या दिशेने एक बारीक फट असते. तिच्यातून चिकट द्रव्य सोडून त्या दगडावर किंवा गाळावर सरकू शकतात. आजवर १२,००० हून अधिक जातींना नावे दिली गेली आहेत आणि प्रत्यक्षातील संख्या त्याच्या कितीतरी पट असावी, असे मानले जाते. पश्चिम भारतातील गोड्या पाण्यातील जातींचा पाया घालणाऱ्या अभ्यासकांत हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. कोल्हापूरजवळील पन्हाळगडावरील करंडक वनस्पतींवरचे त्यांचे काम १९५९ मध्ये, तर मध्य गुजरातवरील ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

काचेच्या डबीत राहण्याची किंमतही या जीवाला मोजावी लागते. पेशीचे विभाजन होताना प्रत्येक नव्या पेशीला जुन्या डबीचा एक भाग मिळतो. ती तोच भाग झाकण म्हणून वापरते आणि आतला लहान भाग नव्याने तयार करते. त्यामुळे ज्या पेशीच्या वाट्याला जुना खालचा भाग येतो ती मूळ पेशीपेक्षा लहान होते. अशा रीतीने पिढ्यानपिढ्या सरासरी आकार घटत जातो. मॅकडोनाल्ड आणि फिट्झर यांनी १८६९ मध्ये स्वतंत्रपणे ही गोष्ट मांडली. आकार ठरावीक मर्यादेखाली गेला की बहुतेक जातींत लैंगिक प्रजनन होते. त्यातून डबी टाकून दिलेली, फुगणारी पेशी तयार होते आणि ती पुन्हा मूळ आकाराची डबी घडवते.

करंडक वनस्पतींचा रंग सोनेरी तपकिरी असतो, कारण त्यांच्यात हरितद्रव्याबरोबर फ्यूकोझँथिन हे रंगद्रव्य असते. पृथ्वीवर दरवर्षी जेवढे प्रकाशसंश्लेषण होते, त्यातील सुमारे एक पंचमांश वाटा एकट्या करंडक वनस्पतींचा मानला जातो. लहान प्लवक प्राणी त्यांना खातात, त्या प्राण्यांना लहान मासे आणि लहान माशांना मोठे मासे. शिवाय सिलिकेच्या वजनामुळे मेलेल्या पेशी लवकर तळाशी जातात आणि हवेतून घेतलेला कर्ब आपल्याबरोबर खोल नेतात.

पेशी मेली तरी तिची डबी लवकर नष्ट होत नाही. अशा डब्यांचे थर साचून डायटमयुक्त माती तयार होते. गाळण्यासाठी तिचा उपयोग होतो. आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये पेटंट घेतलेल्या डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन शोषून घेण्यासाठी हीच माती वापरली होती. पाण्यात सापडलेल्या मृतदेहाच्या तपासणीतही तिचा आधार घेतला जातो. माणूस जिवंतपणी बुडाला असेल तर पाण्याबरोबर फुप्फुसात शिरलेल्या करंडक वनस्पती रक्तावाटे अस्थिमज्जेपर्यंत पोहोचू शकतात. मज्जा तीव्र आम्लात विरघळवली तरी सिलिकेची भिंत शिल्लक राहते. हा पुरावा एकटा निर्णायक नसला तरी साहाय्यक ठरतो.

३. डायनोफ्लॅजेलेट : दोन कशाभिकांचा भोवरा

'डायनोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ गरगर फिरणे असा आहे. या जीवाला चाबकासारख्या दोन कशाभिका असतात. एक पेशीच्या कमरेभोवतीच्या आडव्या खाचेत पट्ट्यासारखी बसलेली असते आणि ती पेशीला फिरवते. दुसरी उभ्या खाचेतून मागे निघून पेशीला पुढे ढकलते. परिणामी पेशी भोवऱ्यासारखी फिरत पुढे जाते. करंडक वनस्पती प्रवाहाबरोबर वाहतात, तर डायनोफ्लॅजेलेट दिवसा प्रकाशाकडे वर आणि रात्री पोषकद्रव्यांकडे खाली असा प्रवास करू शकतात.

अनेक जातींत पेशीच्या कडेला सेल्युलोजच्या पट्ट्यांचे चिलखत असते. या पट्ट्यांची संख्या व मांडणी ही जात ओळखण्याची मुख्य खूण होय. काही जाती चिलखताशिवाय असतात. त्यांचे केंद्रकही असाधारण आहे. इतर सजीवांत गुणसूत्रे विभाजनाच्या वेळी घट्ट होऊन दिसू लागतात व एरवी सैल असतात. बहुतेक डायनोफ्लॅजेलेटांत मात्र ती सतत घट्टच राहतात. काही जातींच्या एका पेशीत माणसाच्या पेशीतील डीएनएपेक्षा कित्येक पट अधिक डीएनए असतो.

आजच्या जिवंत जातींची संख्या २,००० हून अधिक आहे. त्यांपैकी सुमारे निम्म्या जाती स्वतः अन्न तयार करत नाहीत. त्या शिकार करतात किंवा परजीवी असतात. काही जाती अन्न बनवतात आणि शिकारही करतात. त्यामुळे या गटाला वनस्पती म्हणावे की प्राणी, हा वाद जीवशास्त्रात दीर्घकाळ चालला. प्रतिकूल काळात अनेक जाती जाड भिंतीची पुटी तयार करून तळाच्या गाळात पडून राहतात आणि अनुकूल काळ येताच पुन्हा पोहू लागतात.

प्रवाळाच्या शरीरात राहणारे सोनेरी तपकिरी जीव हेही डायनोफ्लॅजेलेटच आहेत. ते आपल्या अन्नाचा मोठा वाटा प्रवाळाला देतात. पाण्याचे तापमान फार वाढले की ही भागीदारी मोडते व प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली असे घडले. मालवणच्या किनाऱ्यावरील प्रवाळांचे जीवनही याच भागीदारीवर चालते.

४. तिघांमधील नाते

या तीन भिन्न गटांना एक जुना धागा जोडतो. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला, तो नीलहरित शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणामुळे. पुढे एका केंद्रकयुक्त पेशीने असाच एक नीलहरित जीव गिळला. परंतु तो पचला नाही. तो आतच राहून अन्न तयार करू लागला आणि त्याचा हरितलवक झाला. हा विचार मेरेश्कोव्हस्की यांनी १९०५ मध्ये मांडला. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये त्याला नव्याने चालना दिली आणि नंतर डीएनएच्या अभ्यासाने त्याला पुष्टी मिळाली.

हरितलवकाभोवतीची पटले मोजली तर हा इतिहास दिसतो. हिरव्या वनस्पतींत ती दोन असतात. करंडक वनस्पतींत चार, कारण त्यांच्या पूर्वजाने नीलहरित जीव नव्हे, तर आधीच हरितलवक असलेले लाल शैवाल सामावून घेतले. डायनोफ्लॅजेलेटांत ती बहुधा तीन असतात. म्हणजे करंडक वनस्पती आणि डायनोफ्लॅजेलेट यांच्या पेशीत चालणारे प्रकाशसंश्लेषण हा मुळात नीलहरित शैवालांचाच वारसा आहे.

५. अरबी समुद्रातील बदल

हे तिन्ही गट एकत्र पाहायचे तर अरबी समुद्रासारखे दुसरे ठिकाण नाही. या समुद्राच्या अभ्यासाला १९६६ मध्ये स्थापन झालेल्या गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मोठा हातभार लावला आहे.

पावसाळ्यापूर्वीच्या शांत महिन्यांत, साधारण फेब्रुवारी ते मे या काळात, पश्चिम किनाऱ्यालगत ट्रायकोडेस्मियम हे नीलहरित शैवाल वाढते. पाण्यावर लाकडाचा भुसा पसरल्यासारखे ते दिसते. त्याच्यात हेटेरोसिस्ट नसतात, तरीही ते भर दिवसा नायट्रोजन स्थिर करते. पोषकद्रव्ये संपत आलेल्या पाण्याला त्यामुळे नायट्रोजन मिळतो.

हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर जमिनीकडून कोरडे, थंड वारे येतात. वरचे पाणी थंड व जड होऊन खाली जाते आणि खालचे पोषकद्रव्यांनी युक्त पाणी वर येते. या काळात तेथे करंडक वनस्पतींची भरघोस वाढ होत असे. परंतु २००० नंतरच्या वर्षांत तेथे नॉक्टिल्युका या डायनोफ्लॅजेलेटाचे हिरवे थर मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. नॉक्टिल्युका हा फुग्यासारखा, चिलखत नसलेला, एक मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही मोठा जीव आहे. त्याला स्वतःचा हरितलवक नाही. तो करंडक वनस्पती गिळतो आणि त्याच्या उष्ण कटिबंधातील हिरव्या प्रकारात हजारो सूक्ष्म हिरवी शैवाले राहून त्याला अन्न पुरवतात. रात्री पाणी ढवळले की निळसर प्रकाश दिसतो तो याचाच. मात्र हा प्रकाश देणारे इतर डायनोफ्लॅजेलेटही आहेत.

हेल्गा गोम्स, जोकिम गोएस आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडले की, वर येणाऱ्या पाण्यातील प्राणवायू घटल्यामुळे करंडक वनस्पती मागे पडत आहेत व नॉक्टिल्युकाला वाव मिळत आहे. २०१८ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या एका अभ्यासात प्राणवायू पुरेसा असतानाही असे थर आढळले. कारणाबाबत असा मतभेद असला तरी परिणामाची दिशा चिंताजनक आहे. करंडक वनस्पती माशांच्या अन्नसाखळीचा पाया आहेत. नॉक्टिल्युकाला खाणारे प्राणी मात्र मोजकेच असून त्यांत जेलीसारख्या शरीराच्या प्राण्यांचा भरणा आहे. पाया बदलला तर वरचे मजले तसेच राहतील असे मानता येत नाही. किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांच्या दृष्टीने ही केवळ प्रयोगशाळेतील बाब नव्हे.

६. विषाचा प्रश्न आणि चुकणारे उपाय

मायक्रोसिस्टिसच्या काही प्रकारांत मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक असे विष असते. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू शहरात डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात ते आले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या पाण्यात ते आढळले, तेव्हा सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी न पिण्याचा इशारा देण्यात आला. पाणी उकळूनही पिऊ नये, असे त्यांना सांगावे लागले. उकळल्याने जंतू मरतात. हे विष मात्र नष्ट होत नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

ऑस्ट्रेलियातील पाम बेटावरील १९७९ ची घटना अधिक बोलकी आहे. जलाशयातील शेवाळ मारण्यासाठी मोरचूद घालण्यात आले. त्यानंतर काही दिवसांत १४८ जण आजारी पडले आणि त्यांत बहुतेक मुले होती. नीलहरित शैवालाच्या पेशी फुटल्यामुळे आत असलेले विष पाण्यात मिसळले होते. पाणी स्वच्छ दिसू लागले होते आणि तेच अधिक घातक झाले होते.

समुद्रात हाच प्रश्न डायनोफ्लॅजेलेटांमुळे निर्माण होतो. काही जातींत सॅक्सिटॉक्सिन हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष असते. तिसऱ्या, कालवे, शिनाण्या हे जीव पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यामुळे विष त्यांच्या शरीरात साठते. त्यांना स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही; पण खाणाऱ्याचे ओठ व बोटे बधिर होऊ लागतात आणि विष अधिक असेल तर श्वसन थांबू शकते. भारतात १९८१ मध्ये तमिळनाडूत आणि १९८३ मध्ये मंगळूर परिसरात अशी विषबाधा होऊन मृत्यू घडले. शिंपले शिजवल्याने हे विष जात नाही आणि चवीवरून किंवा वासावरून ते ओळखता येत नाही. करंडक वनस्पतींतही स्यूडो-निट्झिया या प्रजातीच्या काही जाती विष तयार करतात. म्हणून एखादा संपूर्ण गट निर्धोक वा संपूर्ण गट घातक असे म्हणता येत नाही.

केवळ रंगावरून ओळख करणे किती फसवे असते, हे लोणारने दाखवून दिले. लोणार सरोवराचे अल्कधर्मी पाणी एरवी नीलहरित शैवालांमुळे हिरवे दिसते. २०२० च्या जून महिन्यात ते गुलाबी झाले, तेव्हा शैवालामुळेच रंग बदलला असावा, असा तर्क अनेकांनी केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत हा रंग क्षारप्रिय अशा वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा, म्हणजे आर्किया गटातील जीवांचा, असल्याचे दिसून आले.

समारोप

नीलहरित शैवाल ही केंद्रक नसलेली पेशी, करंडक वनस्पती ही सिलिकेच्या डबीतील पेशी आणि डायनोफ्लॅजेलेट ही दोन कशाभिकांनी गरगरणारी पेशी, हा तिघांतील मूलभूत भेद होय. एकाने हवेला प्राणवायू आणि भातखाचराला नायट्रोजन दिला, दुसऱ्याने समुद्राची अन्नसाखळी उभी केली आणि तिसऱ्याने प्रवाळांना आधार दिला. योग्य प्रमाणात हे जीव जीवसृष्टीचा आधार आहेत. सांडपाणी, खतांचा अतिरेक आणि वाढते तापमान यांमुळे प्रमाण बिघडले की त्यांतील काही जाती संकट ठरतात.

शाळा-महाविद्यालयांना हा विषय केवळ परीक्षेपुरता ठेवण्याचे कारण नाही. गावच्या तळ्याचे थेंबभर पाणी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर मण्यांच्या माळा, काचेच्या डब्या आणि क्वचित एखादा फिरणारा भोवराही विद्यार्थ्यांना पाहता येतो. तळ्यावर हिरवी साय आली असेल तर ते पाणी पिण्यासाठी, आंघोळीसाठी किंवा जनावरांसाठी वापरू नये, त्यात स्वतःहून औषध टाकू नये आणि पाण्याची तपासणी करून घ्यावी. समुद्राचे पाणी रंग बदललेले असताना तेथील शिंपले खाणे टाळावे. पाण्याचा रंग नेहमीसारखा असला तरी शिंपले सुरक्षित असतीलच असे नाही, म्हणून अधिकृत सूचना आली असल्यास ती पाळावी. 'शेवाळ आहे' एवढे म्हणून न थांबता 'कोणते शेवाळ आहे' हा प्रश्न विचारण्याची सवय लागली तर अनेक अनर्थ टळू शकतील.